भटारखान्यातला साक्षीदार

२०१३ च्या मार्चमधली गोष्ट. सोमवारी संध्याकाळी वल्हांडणाचा सण सुरू व्हायचा होता आणि लॉस एंजेलिसमधल्या ज्यू घरांत मटण-चिकन आणून फ्रीजमध्ये रचून झालं होतं. बरंचसं एकाच नामांकित दुकानातलं. रविवारी दुपारी बातमी फुटली, की त्या दुकानाचा कोशर दाखला, म्हणजे तिथलं मांस ज्यू धर्मनियमांना धरून असल्याचा दाखला, काढून घेतला आहे. एका खाजगी गुप्तहेराने दुकानावर पाळत ठेवून चित्रण केलं होतं. त्यात दिसत होतं ते एवढंच: देखरेख करणारा माणूस जागेवर नाही आणि मालक गाडीतून खोकी उतरवून आत नेतो आहे.

खोक्यांतलं मांस कुजलेलं होतं, खाऊन कुणी आजारी पडलं, असा आरोप कुणाचाच नव्हता. ते आत जाताना पाहणारं कोणी नव्हतं, हीच तक्रार होती. गावभरच्या रब्बींचे फोन वाजू लागले. सण तोंडावर, घरात पाहुणे, आणि भरलेला फ्रीज फेकून द्यायचा की काय? रब्बींनी निवाडा दिला तो ऐकायला विचित्र वाटतो. रविवारी दुपारी तीनच्या आधी घेतलेलं मांस खायला हरकत नाही, त्यानंतरचं चालणार नाही. कारण असं, की दुकानात येणारा बहुतांश माल खरोखरच कोशर होता, घेणाऱ्याने दाखल्यावर विसंबून शुद्ध मनाने घेतला होता, आणि शंकेच्या जागी बहुतांशाकडे पाहून निर्णय करायला धर्मशास्त्र मुभा देतं. तीननंतर मात्र शुद्ध मन उरलं नाही.

याआधी २००६ साली न्यूयॉर्कजवळच्या मॉन्सी गावात असंच प्रकरण झालं होतं, पण तिथे निवाडा उलटा गेला. साध्या बाजारातल्या कोंबड्या कोशर वेष्टनांत भरून विकल्या जात होत्या. तिथे नुसतं मांस टाकून भागलं नाही. ज्या पातेल्यांत ते शिजलं ती उकळत्या पाण्यात बुडवा, ओव्हन तापवून काढा, चिनीमातीची ताटं टाकून द्या, असं सांगण्यात आलं. शेकडो घरांतल्या बायकांनी ऐन ज्यू नववर्षाच्या सणांच्या तोंडावर ओटे रिकामे केले.

दोन्हीकडे चुकली ती एकाच माणसाची नजर. या माणसाला हिब्रूत मश्गियाख म्हणतात. कोशर खाण्याविषयी आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं जातं त्यात डुक्कर असतं, सुरी असते, दूध-मांसाची फारकत असते. हा माणूस नसतो. आणि त्याच्याशिवाय घराबाहेरचं कोशर जेवण उभंच राहत नाही.

बाहेरच्यांची समजूत अशी, की रब्बी येतात, काहीतरी पुटपुटतात आणि अन्न कोशर होतं. आशीर्वादाने डुक्कर कोशर होत नाही, आणि आशीर्वाद न दिल्यामुळे वांगं बिघडत नाही. नियम आहेत ते पदार्थाचे आणि भांड्यांचे. खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा प्राणी चालतो. म्हणून बकरी चालते, उंट आणि डुक्कर नाहीत. माशाला पंख आणि खवले दोन्ही हवेत. चालणारं जनावरही शिकलेल्या शोखेतने, म्हणजे धर्मनियमांनी कापणाऱ्याने, धारेवर खाच नसलेल्या सुरीने, न थांबता न दाबता कापलेलं हवं. मग फुप्फुस तपासायचं, रक्त काढण्यासाठी मांस अर्धा तास पाण्यात आणि तासभर मिठात ठेवायचं. मांस आणि दूध यांची गाठ पातेल्यातही पडू द्यायची नाही आणि पोटातही. मांस खाल्ल्यावर दुधाला हात लावायला पूर्व युरोपातली घराणी सहा तास थांबतात, जर्मन तीन, डच तासाभरात मोकळे होतात.

हे सगळं घरात सांभाळणारी बाई कुणाचा दाखला दारावर लावत नाही. तिचा शब्द पुरतो. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात याचं एक सुंदर तत्त्व आहे. पैशाच्या वादात दोन साक्षीदार लागतात. खाण्यातलं चालतं-न चालतं ठरवायला एक पुरे, आणि ती एक व्यक्ती बाईही असू शकते. नाहीतर नवऱ्याला बायकोच्या हातचं आणि पाहुण्याला यजमानाघरचं जेवता आलं नसतं. पण हा विश्वास टिकतो तो सांगणाऱ्याचा त्यात पैशाचा फायदा नसेल तोवर. खाटकाने स्वतःच 'माझं मांस कोशर आहे' म्हटलं, तर ती साक्ष कसली? अमेरिकेत कोशर मांस साध्या मांसापेक्षा बरंच महाग मिळतं. तिथे साक्षीदार बाहेरून आणावा लागतो.

न्यूयॉर्कच्या एखाद्या बड्या हॉटेलात रविवारी संध्याकाळी ज्यू लग्न असेल, तर मश्गियाखचं काम आदल्या दिवसांतच सुरू होतं. हॉटेलचा भटारखाना काही कोशर नसतो. काल तिथे डुकराचं मांस परतलेलं असतं. शास्त्र असं मानतं, की गरम पदार्थाची चव भांड्यात मुरते, आणि जशी मुरली तशीच ती बाहेर निघते. उकळत्या रश्शातून मुरली असेल तर उकळत्या पाण्याने, थेट विस्तवावर मुरली असेल तर विस्तवाने. म्हणून पातेली घासून चोवीस तास वापराविना ठेवायची, मग काठोकाठ भरून पाणी खळखळ उकळून बाहेर सांडू द्यायचं. जाळ्या लाल होईपर्यंत त्यांवर गॅसची ज्योत फिरवायची. ओट्यांवर पत्रा किंवा फॉइल अंथरायचं. हे करणारा माणूस दाढीवाला, काळ्या टोपीतला असेल, पण त्याच्या एका हातात ज्योतीचा बंब आणि दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो. प्रार्थनेचं पुस्तक असतं, पण ते कोटाच्या खिशात.

लग्नाच्या दिवशी सगळ्यांत आधी तोच येतो. आचारी मेक्सिकोचा असो की बांगलादेशचा, विस्तव पेटवणारा हात ज्यूचा हवा, म्हणून एकेक शेगडी तो स्वतः पेटवतो. युरोपी परंपरेच्या ज्यूंना एवढं पुरतं. स्पेन, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडच्या परंपरेला ते पुरत नाही. त्यांच्याकरता पातेलंही त्यानेच विस्तवावर ठेवायला हवं. नवरा एका परंपरेतला आणि नवरी दुसऱ्या परंपरेतली असली, की मश्गियाख जड पातेली उचलत फिरतो.

मग लेट्यूस. मश्गियाखच्या दिवसातले सगळ्यांत जास्त तास कशात जात असतील तर पाल्यात. मांस सीलबंद येतं, त्यावर दोन-दोन सीलं असतात; पाल्यात मात्र मावा आणि फुलकिडे कधीही असू शकतात, आणि डोळ्याला दिसणारा एक किडाही वर्ज्य. पानं सुटी करायची, साबणाच्या पाण्यात भिजत घालून खळबळवायची, धुवायची. मग ते पाणी अतिशय बारीक विणीच्या जाळीदार कापडातून गाळायचं, आणि ते ओलं कापड खालून दिवा असलेल्या पांढऱ्या पेटीवर पसरायचं. उजेडात मातीचा कण काळा दिसतो, पानाचा तुकडा हिरवा. फुलकिडा फिकट पिवळा, तांदळाच्या कणीहून बारीक, आणि पाय दिसले की संशय उरत नाही. सापडला तर सगळा घाणा पुन्हा धुवायचा. लागोपाठ तीन नमुने स्वच्छ आले म्हणजे माल आचाऱ्याच्या ताब्यात. आपल्याकडे मेथीची जुडी निवडायला बसलेल्या आजीची नजर अशीच असते, पण तिला तीनशे पाहुण्यांची पंगत आणि मागे उभा राहून घड्याळ दाखवणारा व्यवस्थापक नसतो. ब्रोकोली आणि स्ट्रॉबेरीवरून तर वाद होतात. काही संस्थांनी ताजी ब्रोकोली वापरायलाच बंदी केली आहे, कारण त्या गुच्छातून किडा निघाला नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे कुठवर जातं? २००४ साली न्यूयॉर्कच्या नळाच्या पाण्यात कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव आहेत, आणि त्यांतले काही नुसत्या डोळ्यांना दिसतात, अशी ओरड झाली. कवचधारी म्हणजे कोळंबीचे भाऊबंद, म्हणजे वर्ज्य. रब्बींमध्ये दोन तट पडले, आणि ब्रुकलिनमधल्या हॉटेलांच्या दारावर दाखल्याशेजारी 'आमच्याकडे पाणी गाळून वापरतात' अशा पाट्या लागल्या. पाणी गाळून पिणाऱ्या जैन शेजाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

सगळेच नियम मला सारखे पटतात असं नाही. वाइनच्या उघडलेल्या बाटलीला ज्यू नसलेल्याचा हात लागला तर ती बाद होते, हा नियम मूर्तिपूजकांच्या नैवेद्यातली वाइन टाळण्यासाठी आला. आज वाढप्याच्या तोंडावर तो सांगताना मश्गियाखलाही अवघडल्यासारखं होत असणार. धंद्याने यावर तोडगा काढला. एकदा तापवलेल्या वाइनला हा नियम लागू नाही. म्हणून आता क्षणभर भरपूर तापवून लगेच थंड केलेली वाइन मिळते आणि पंगतीत तीच वाढतात. शास्त्र राहिलं, वाढप्याचा मानही राहिला.

हा माणूस पगारी नोकर कधी झाला, हे पाहायचं तर न्यूयॉर्कलाच जावं लागतं. पूर्व युरोपातल्या गावांत रब्बी आणि खाटीक एकमेकांना ओळखत होते, गाव त्या दोघांना ओळखत होतं. १८८० नंतर लाखो ज्यू अमेरिकेत उतरले आणि ही ओळख बोटीतच राहिली. मॅनहॅटनच्या ईस्ट साइडवर जो तो आपल्या दुकानावर हिब्रू अक्षरांत 'कोशर' लिहून मोकळा. काही सिनेगॉगांनी एकत्र येऊन १८८८ मध्ये विल्नाहून जेकब जोसेफ नावाच्या विद्वान रब्बीला मुख्य रब्बी म्हणून बोलावलं. त्यांनी कत्तलखान्यांवर माणसं नेमली आणि तपासलेल्या कोंबडीच्या पायाला शिशाची मुद्रा लावायला सुरुवात केली. खर्च भागवायला कोंबडीमागे एक सेंट जादा.

तो एक सेंट महागात पडला. झारच्या रशियात कोशर मांसावर 'कोरोबका' नावाचा कर होता, गरिबांचं रक्त पिणारा म्हणून बदनाम. इथेही तोच आला, अशी आवई उठली. बायकांनी मुद्रेच्या कोंबड्या घ्यायचं सोडलं, खाटकांनी आपले वेगळे रब्बी उभे केले, त्या रब्बींनी आपापले दाखले वाटले. जोसेफ हरले, आजारी पडले, कफल्लक झाले. १९०२ च्या जुलैमध्ये ते वारले, तेव्हा अंत्ययात्रेला मात्र हजारोंनी लोक लोटले. त्याच वर्षी मे महिन्यात कोशर गोमांस १२ सेंटांवरून १८ सेंट पौंड झालं, तेव्हा ईस्ट साइडच्या बायकांनी दुकानांतलं मांस रस्त्यावर फेकून, त्यावर रॉकेल ओतून बहिष्कार घडवला होता. दाखल्यासाठी एक सेंट जास्त न देणाऱ्या आणि भाववाढीला रस्त्यावर उतरणाऱ्या या बायकांना दोष द्यावासा वाटत नाही. पहारेकरी हवा तर त्याचा पगार कुणाच्या तरी खिशातून जाणार, हा हिशेब तेव्हा जमला नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पुरता जमलेला नाही.

जमला तो वेगळ्याच ठिकाणी, डबाबंद मालात. १९२३ मध्ये हाइन्झ कंपनीने आपल्या मांसविरहित बीन्सच्या डब्यावर ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेची खूण छापली. मोठ्या अक्षरांत हिब्रू छापलं तर इतर गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून गोलात इंग्रजी 'यू', एवढंच. गिऱ्हाइकाला मुकाट्याने कळतं, इतरांच्या ध्यानातही येत नाही. संस्थेचं सुरुवातीचं काम ज्याने उभं केलं तो अब्राहम गोल्डस्टीन रसायनशास्त्रज्ञ होता; पुढे १९३५ मध्ये त्याने स्वतःची दुसरी संस्था काढली. रसायनशास्त्रज्ञाची ही निवड मोठी बोलकी आहे. कारखान्यात शिरल्यावर सुरीच्या धारेपेक्षा ग्लिसरीन कशापासून केलंय, हे कळणं जास्त गरजेचं होतं.

ग्लिसरीनचंच उदाहरण घ्या. अटलांटाचे रब्बी टोबायस गेफन यांना देशभरातून एकच प्रश्न येत असे: कोका-कोला चालतो का? कंपनी त्यांच्याच गावची. गेफननी विचारणा केली, आणि ज्या कंपनीने आपली कृती जगापासून दडवली तिने गुप्ततेच्या अटीवर त्यांना घटकांची यादी दाखवली. त्यात ग्लिसरीन निघालं, जनावराच्या चरबीपासून केलेलं, नगण्य प्रमाणात. वर्ज्य पदार्थ चुकून पडला आणि एक-साठांशाहून कमी असला तर तो नाहीसा झाल्यातच जमा, असा नियम आहे. पण गेफन म्हणाले, हा चुकून पडलेला नाही, मुद्दाम घातलेला आहे. मग कंपनीने वनस्पती तेलापासून केलेलं ग्लिसरीन वापरायला घेतलं. वल्हांडणात वर्ज्य असलेल्या धान्याची अडचण होती, त्यावरही पर्याय निघाला. आजही त्या दिवसांत अमेरिकेत पिवळ्या झाकणाच्या बाटल्या येतात. १९३५ मध्ये छापलेल्या आपल्या निवाड्यात गेफननी घटकांना सांकेतिक नावं दिली आणि कंपनीला दिलेला शब्द पाळला.

कारखान्यातला मश्गियाख हॉटेलातल्यासारखा दिवसभर उभा नसतो. तो येतो आणि जातो. तो किती वेळ थांबतो याला फारसं महत्त्व नाही. तो केव्हा येईल हे कळता कामा नये. कोणत्याही क्षणी दार उघडेल या धाकाने माणूस सरळ वागतो, असं तालमूदच गृहीत धरतं. आल्यावर तो आधी गोदामात जातो, मंजूर यादी हातात घेऊन प्रत्येक गोणीवरचं पुरवठादाराचं नाव ताडून पाहतो. स्टिअरेट तेच, पण मागच्या खेपेला पाम तेलाचं होतं आणि या खेपेला दुसऱ्या कंपनीचं, चरबीचं? मग तो बॉयलरकडे वळतो. एकाच वाफेवर दोन विभाग चालत असतील आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरमध्ये येत असेल, तर एका विभागातली चव दुसऱ्यात जाते. तेलाच्या टँकरने याआधी काय वाहिलं त्याच्या पावत्या तो मागतो. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि यातच नोकरी आहे.

हा माणूस महाराष्ट्र-गुजरातेतल्या औद्योगिक वसाहतींतही फिरतो. मसाल्यांचे अर्क, गवारीचा डिंक, एरंडेल, इसबगोल, आंब्याचा गर: अमेरिकेला जाणाऱ्या अशा किती तरी मालाला तिथला खरेदीदार कोशर दाखला मागतो, मग कारखान्याचा मालक जैन असो की मुसलमान. त्यांना यात नवीन वाटतं ते बॉयलर बघायला मागणं. आपला हिरवा ठिपका पदार्थात काय घातलंय ते सांगतो. त्याच नळीतून काल काय वाहिलं, हे तो सांगत नाही. उलट कोशर म्हणजे शाकाहारी नव्हे, हेही लक्षात ठेवावं. अमेरिकेतले शाकाहारी भारतीय वेष्टनावर ही खूण हौसेने शोधतात, आणि मांस नसल्याची खात्री 'पार्वे' या शब्दाने होतेही. पण पार्व्यात अंडं आणि मासा बसतो.

२६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या मुंबईवरच्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये सहा ज्यू मारले गेले. तिथले रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांची नावं मुंबईला ठाऊक आहेत. त्याच घरात उतरलेले लेबिश टाइटेलबाउम आणि बेन्झियन क्रुमान हे दोघे मश्गियाख होते. कोशर देखरेखीच्या कामासाठीच ते भारतात आले होते. परमुलखात कोशर जेवण मिळेल अशी जागा म्हणून या व्यवसायातली माणसं अशाच घरात मुक्काम करतात. होल्ट्झबर्ग २००३ पासून मुंबईत होते आणि ते स्वतः शोखेतही होते.

मुंबईत आणि कोकणात ज्यू त्यांच्या शतकानुशतकं आधीपासून होते, आणि त्यांच्याकडे मश्गियाख नव्हता. अलिबाग-पेणच्या गावांत तेलघाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे बेने इस्राएल. त्यांच्याकडे ना तालमूद होता, ना हिब्रू पोथ्या. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी: दाविद राहाबी नावाचा एक परका ज्यू कोकणात आला. हे लोक खरंच आपले का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने बायकांना निरनिराळे मासे आणून दिले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्या-पंखांचे मासे घेतले, बाकीचे बाजूला काढून टाकले. राहाबीची खात्री पटली. तो कधी आला, एक होता की दोन, यावर विद्वानांचं एकमत नाही. पण मला या गोष्टीत नेहमी राहाबीपेक्षा त्या बायकांचं कौतुक वाटतं. कोळणीच्या पाटीत पापलेट आणि सुरमईशेजारी कोळंबी, खेकडे, मुशी, शिंगाळा असं सगळं असतं; त्यांना कुणी यादी दिली नव्हती आणि कुणी पहाऱ्यावरही नव्हतं.

आजही मराठी ज्यू घरातलं मटण नारळाच्या दुधात शिजतं. दूध-मांसाची फारकत इथे वेगळी शिकवावी लागलीच नाही. कोकणाने ती सोडवून ठेवली होती. रोश हशाना या नववर्षाच्या सणाला होणारा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातला, म्हणजे जेवणात मटण असलं तरी नंतर खाता येतो. पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने होतो, त्यात तर प्रश्नच नाही. बकरं-कोंबडं कापायला त्यांच्यातलाच काझी असे. राहाबीने झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतली माणसं शिकवून तयार केली आणि ती गावोगाव फिरत, असं सांगतात. पुढे मुंबईत मांडवीच्या सिनेगॉगपासून सुरुवात झाली, १७९६ साली, आणि मग हे काम सिनेगॉगच्या हझानकडे आलं. हझानच प्रार्थना म्हणायचा, तोच सुरी चालवायचा, आणि ज्याच्या घरी कोंबडं जायचं तो शेजारच्याच चाळीत राहायचा. अशा वस्तीत शिशाच्या मुद्रेची गरज कुणाला वाटणार?

आणि तरी या लोकांची पुन्हा तपासणी झालीच. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, अशा सूचना तिथल्या मुख्य रब्बिनेटने, म्हणजे रब्बींच्या सरकारी मंडळाने, १९६२ मध्ये काढल्या. ज्यांनी पुस्तकाशिवाय मासे निवडून दाखवले त्यांना आता आजीच्या आजीचा दाखला मागत होते. १९६४ मध्ये मराठी बोलणाऱ्या या ज्यूंनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, संसदेत चर्चा झाली आणि सूचनांमधून त्यांचं नाव काढावं लागलं. हा प्रसंग इथे सांगण्याचं कारण असं, की हॉटेलाचं पातेलं तपासण्याचा मक्ता इस्राएलमध्ये याच रब्बिनेटकडे आहे.

मक्ताच म्हणायचा. १९८३ च्या कायद्याने स्वतःला कोशर म्हणवायचं तर रब्बिनेटचा दाखला हवा. मश्गियाख नेमतं स्थानिक रब्बिनेट, पण पगार बहुतेक ठिकाणी हॉटेलमालक देतो. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याकडूनच पहिल्या तारखेला पाकीट घ्यायचं. यातून दोन प्रकारचे मश्गियाख तयार झाले. एक, जो मालकाकडे काणाडोळा करतो. दुसरा, जो आठवड्यातून पाच मिनिटं डोकावून पूर्ण पगार घेतो. काही मश्गियाखांच्या नावावर दिवसाला चोवीस तासांहून जास्त काम लागलं होतं, असं इस्राएलच्या महालेखापालांच्या २०१७ च्या अहवालात निघालं.

जेरुसलेमच्या काही हॉटेलवाल्यांनी कंटाळून हा दाखलाच नाकारला. रब्बी अ‍ॅरन लीबोविट्झ यांनी त्यांच्यासाठी वेगळी देखरेख उभी केली. 'कोशर' हा शब्द न वापरता, आम्ही काय करतो आणि कोण पाहतं एवढंच लिहायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने अशी पाटी लावायला परवानगी दिली. २०१८ पासून त्सोहर या रब्बींच्या संघटनेने ते काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. २०२१ मध्ये धर्मविषयक मंत्री मतान कहाना यांनी दाखल्यांचा धंदाच खुला करणारा कायदा आणला. पुढच्या वर्षी सरकार गेलं आणि सुधारणा रखडली.

अमेरिकेत मक्ता नाही, तिथे दाखल्यांची चढाओढ आहे, आणि तिचेही तोटे आहेत. एका संस्थेने कडक धोरण धरलं की मालक दुसरीकडे जाऊ शकतो. शिवाय दाखला पाहतो फक्त ताटातलं. १२ मे २००८ ला आयोवातल्या पोस्टव्हिलच्या प्रचंड कोशर कत्तलखान्यावर धाड पडली आणि ३८९ कामगार पकडले गेले. अल्पवयीन मुलांना कामाला जुंपल्याच्या, राबवून घेतल्याच्या कहाण्या बाहेर आल्या. जनावराचं फुप्फुस तपासणारे तिथे रोज हजर होते. त्यानंतर काही रब्बींनी कामगारांच्या वागणुकीचीही खूण असावी म्हणून खटपट केली, ती फार चालली नाही. मश्गियाखने काय पाहावं, यावर समाजाचं एकमत होईना. माझ्या मते त्याने पाहायला हवं होतं. निदान जे दिसलं ते सांगायला हवं होतं.

पगाराच्या या गुंत्यावर सगळ्यांत शहाणपणाचं बोलणं मला एका विधवेच्या अर्जावरच्या निवाड्यात सापडलं. १९६० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत एका मश्गियाखचा मृत्यू झाला, घरात पोरं, कमावतं कोणी नाही. नवऱ्याची जागा बायकोला देता येईल का? प्रश्न न्यूयॉर्कच्या रब्बी मोशे फाइनस्टाइन यांच्याकडे गेला. त्यांच्या शब्दाला अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स ज्यूंमध्ये शेवटचा शब्द मानत. विश्वासार्हतेची अडचण त्यांना मुळीच वाटली नाही; घराघरातलं कोशर बायकांच्याच शब्दावर तर चालतं. अडचण होती ती अधिकाराची. बाईला अधिकारपदावर नेमू नये असं मध्ययुगातल्या मायमोनिडीझचं मत होतं, आणि मश्गियाखची जागा अधिकाराची आहे, कारण मालकाच्या मर्जीविरुद्ध त्याला 'नाही' म्हणावं लागतं. फाइनस्टाइन यांनी वाट काढली. इतर अधिकारी विद्वान मायमोनिडीझशी सहमत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. शिवाय, तिला नेमणारा आणि तिला जबाबदार धरणारा दाखला देणारा रब्बी असेल, दुकानदार नसेल, तर अधिकार त्या रब्बीचा. ती त्याची नोकर, मालकाची नव्हे. बाईला काम मिळालं. इस्राएलमध्ये बायकांना मश्गियाख म्हणून मान्यता मिळायला एमुना या महिला संघटनेला २०१३ च्या सुमारास न्यायालयाची पायरी चढावी लागली.

अमेरिकेतल्या मोठ्या संस्था कारखान्यांच्या बाबतीत आज बऱ्याच अंशी फाइनस्टाइन यांच्या वाटेने जातात. कंपनी संस्थेला वार्षिक शुल्क देते आणि संस्था मश्गियाखला पगार देते. २०२० च्या साथीत तर कित्येक कारखान्यांची तपासणी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर झाली, व्यवस्थापक फोन हातात धरून बॉयलरभोवती फिरत असे. लहान हॉटेलांत आणि मांसाच्या दुकानांत मात्र अजून अनेक ठिकाणी महिन्याचा चेक मालकच लिहितो, आणि सकाळी शेगड्या पेटवून झाल्या की मश्गियाखच्याच हातात सुरी देऊन त्याला कांदे चिरायला बसवतो.